तेराची बेरीज आणि उरलेली नव्वी

...आणि पुन्हा उरली ना नव्वी! तुम्हाला सांगतो, महिनाभर हाच छळ! सगळे पत्ते निमूट उठून जातात आणि मागे ही एकटी नव्वी, माझ्याकडे टक लावून!

कारण? कारण भुसावळ! जळगावाहून स्कूटरवर गेलो, मित्राला भेटलो, आणि एसटीने घरी परत आलो. स्कूटर भुसावळलाच! झाले, मुलाने ती परत आणली आणि सूनबाई सारिकाने किल्ली पदरात बांधली. "नाना, डॉक्टर म्हणालेत, रोज बेरजेचा डाव मांडा. एकदा तो सुटला की किल्ली तुमची."

डाव ऐका, सोपा आहे! पाटावर दहा पत्ते उघडे मांडायचे. ज्या दोघांची बेरीज तेरा, ते उचलायचे: दश्शी-तिर्री, नव्वी-चव्वी, अठ्ठी-पंजी, सत्ती-छक्की. गुलाम अकरा, त्याला दुर्री, राणी बारा, तिला एक्का, आणि राजा? तो एकटाच तेरा, त्याला कोणी लागत नाही! रिकाम्या जागी गठ्ठ्यातले नवे पत्ते. सगळे उठले की डाव सुटला. ‘सुटला’ म्हणावे, ‘जिंकलो’ नव्हे. एकट्याने जिंकायचे तरी कोणाला?

पण सुटतो कुठला! कधी मध्येच अडतो, त्याचे दुःख नाही. शेवटपर्यंत गेला, की उरली ना नव्वी! कधी इस्पिकची, कधी बदामाची, पण नव्वीच! मुलगा कुंदन दारातून विचारी, "नाना, आज?" मी म्हणे, "नव्वी." तो नुसती मान हलवी, हो... ती मान मला झोपू देत नसे. शंभर सुभाषिते तोंडपाठ असलेला माणूस मी, आणि नऊ नि चार मिळवता येईनात? गेले का डोके? अशीच सुरुवात होते का?

शेवटी धाकट्या भावाला, छगनला, एरंडोलजवळच्या गावी फोन केला. म्हटले, "बाबा रे, मला बेरीज जमेना. नव्वीला चव्वीच सापडत नाही!"

तो गडगडून हसला! "नाना, चौकटनी चव्वी आठे खाटना पायखाल शे ना! आखाजीले खाट डगमग करे, मंग मीच घडी करी ठेयी दिन्ही. आपले पाच-तीन-दोनमा ती लागस का?"

आता काय म्हणाल! माझी चव्वी महिनाभर त्याच्या खाटेच्या पायाखाली! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या घरी माझाच पत्त्यांचा जोड घेऊन आम्ही दोन दिवस पाच-तीन-दोन कुटले. त्या खेळात दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पत्ते आणि चौकट-किलवरच्या सत्त्या आधीच बाजूला काढतात. चव्वी हरवली काय, राहिली काय, विचारतो कोण? चौतीस वर्षे वर्गात हजेरी घेतली मी, आणि पत्त्यांची एकदा घेऊ नये?

पण तुम्हाला सांगतो, एवढे हलके मला कधी वाटले नव्हते! डोके शाबूत! एक्कावन्न पत्त्यांशी महिनाभर प्रामाणिकपणे हरत होतो, एवढेच! दुसऱ्या दिवशी छगन चव्वी घेऊन आला, चार घड्या पडलेली, पायाचा ठसा उमटलेली. तिसऱ्याच डावाला नव्वी-चव्वी हातात हात घालून उठल्या. पाट रिकामा! सारिकाने पदराची गाठ सोडली, कुंदन म्हणाला, "नाना, भुसावळला जाताना फोन करा... आणि येताना स्कूटरवरच या!"

संपले? छे! आठवड्याने छगनचा फोन. "नाना, खाट परत डगमगस. दुसरा पत्ता धाडा, तिले त्यानीच सवय शे!"

म्हटले, "राजा नेतोस? तो एकटाच तेरा, माझा डाव अडणार नाही."

"राजा नको भो! पाच-तीन-दोनमा राजा लागस आम्हले!"

घ्या! माझ्या डावाला नको तो त्याला हवा, त्याला नको ती चव्वी मला हवी. तासभर विचार केला, आणि एक छक्की नि किलवरची सत्ती, दोन्ही पाकिटात घालून पाठवल्या. त्याच्या खेळात दोघींना मान नाही, माझ्या बेरजेत खोट नाही. जातील बिचाऱ्या खाटेखाली, चालायचेच... जोडीने गेल्या, एवढे तरी बघितले मी. मागे एकटे उरण्याचे हाल त्या नव्वीला विचारा!