पापणीएवढा हळवा

पातेरोसहून निघालेल्या जीपनीत, त्या लांबट प्रवासी जीपगाडीत, मिलाग्रोसशेजारी बापलेक बसले होते. लेकीच्या मांडीवर तापमापक होता.

"बाबा, हा तर बरोबर अडतीस दाखवत होता."

"आणि बदकाची हजार अंडी उबवणीतच शिजली."

"दुकानदार म्हणाला, तीनशे अंशांपर्यंत चालतो."

"आपल्याला काय पाव भाजायचाय, पोरी? भट्टीचा सेन्सर तो. दोन अंशांची चूक पावाला कळतही नाही, अंड्यातला जीव मात्र जातो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"अंडं पापणीला लावलं, तेव्हा चटका बसला."

मिलाग्रोसचा हात नकळत डोळ्याकडे गेला.

"मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या हौसेनं आणलेलास तू."

दुकान जवळ आलं.

"उद्याची अंडी तरी वाचायला हवीत. बदलून कसला मागू?"

"कमी अंशांचा, पण पापणीएवढा हळवा."

"बरं. आणि पुन्हा चटका बसला, तर या खेपेला बोला."