एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

आमच्या आसगावच्या घराला रंग देताना काय झालं, ते तुम्हाला सांगितलं का? पत्नी गेल्यानंतरची ती पहिली दिवाळी. रंगकामाला रामाजी आला होता. आमच्याकडे फोन नंबर दाराजवळच्या भिंतीवरच लिहून ठेवतात. ते पुसत पुसत तो १४२८५७ वर थांबला.

"हा कोनाचा जी? चार आकडे कमी हायेत. मिटवू?"

"नको. तुझ्या वहिनीनं लिहिलाय."

"पन हा फोन लागन कसा?"

"फोन नंबर नाही तो. दोनानं गुणून पाहा."

ती शाळेत गणित शिकवायची. रामाजीनं कानावरची पेन्सिल काढली आणि त्याच्याखालीच उत्तर मांडलं: २८५७१४.

"आकडे तं तेच हायेत जी. जागा बदलून राहिले फकत."

मग तीन, चार, पाच, सहा. दरवेळी तेच सहा आकडे गोल फिरून यायचे. डब्यातला रंग सुकत होता, ऊन भिंतीवरून सरकत होतं. मला उगाच वाटलं, तीही या खोलीतून त्या खोलीत गेली आहे, एवढंच.

मी नको म्हणायच्या आत त्यानं सातानं गुणलं. ओळभर नुसते नऊ आले.

"वहिनीचे आकडे कुठी गेले जी?"

"सातावर जातात ते."

रामाजीनं ब्रश बुडवला आणि फक्त शेवटची ओळ रंगवून टाकली.

"मंग आपन सहावरच थांबू," तो म्हणाला.