तो घरी का बसलाय?

...आणि वर म्हणते कशी, "काकू, सोप्पंय हो, फक्त खूण करायची!" सोप्पं? अहो, वीट आलाय मला, किळस आलीय त्या कामाची, तुम्हाला सांगते! नाहीतर मी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मला काय करायचंय म्हणा!

झालं असं, आमच्या समोरच्या दारातली सून घरूनच काम करते. कसलं? तर मशीनला इंग्रजी शिकवायचं! मी सहज डोकावले, दार उघडं होतं म्हणून... म्हणजे ढकलल्यावर उघडलं. बघते तर पोर रडवेली. तिच्या जोडीची बाई काम सोडून गेलेली. प्रत्येक वाक्य दोघींनी, एकमेकींचं न बघता, तपासायचं असा नियम. एकटीचं काम धरतच नाहीत. शुक्रवारपर्यंत तीनशे वाक्यं दोघींच्या खुणांसकट गेली नाहीत तर नोकरी संपली! म्हटलं, "अगं, मी आहे ना! दहावीपर्यंत इंग्रजी होतं मला." मला काय करायचंय म्हणा, पण पोरीचे डोळे बघवेनात.

पहिलंच वाक्य, 'ही मस्ट बी ॲट होम.' यातला मस्ट म्हणजे हुकूम की अंदाज, एवढंच सांगायचं. त्याने घरी असलंच पाहिजे, की असेलच तो घरी? मशीनला म्हणे ते उमगत नाही. मशीनचं सोडा, मलाही उमगेना! मी विचारलं, "पण हा कोण? भरदिवसा घरी का बसलाय? कामावरून काढलं, की बायकोने कोंडलं?" तर म्हणते, "काकू, तो कोणी नाहीये हो!" कोणी नाही? मग घरी कोण बसलंय?

पुढचं, 'शी मे लीव्ह.' जाईल कदाचित, की जायची परवानगी? अगं, पण कोणाला सोडून? सासूशी वाजलं का? मागचं वाक्य नाही, पुढचं नाही! अर्धं सांगून तोंड मिटायचं, ही काय रीत झाली? असल्या माणसांची मला मनस्वी चीड आहे!

मग काय करणार? ती चहा ठेवायला आत गेली, की मी जरा मान लांब करायची. तिची खूण हुकमावर, की माझी हुकमावर. तिची अंदाजावर, की माझी अंदाजावर. तीनशेच्या तीनशे! म्हटलं, आता शाबासकी.

शुक्रवारी तिच्या साहेबीणबाईंचा फोन. आवाज असा, की दुधाचं दही व्हावं. "तीनशेपैकी तीनशे जुळली? माझं नि माझ्या नवऱ्याचं तीन गोष्टींत जुळत नाही! कोणी कोणाचं बघितलं?"

पोरीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझं चुकलं मॅडम, मीच काकूंना दाखवलं."

ऐकलंत? माझ्या मानेचा दोष हिच्या गळ्यात! किळस आली हो मला... माझीच. फोन हिसकावला, "अहो बाई, हिने काही दाखवलं नाही, मी डोकावले! पंचवीस वर्षं डोकावतेय, मजल्यावर कोणालाही विचारा!"

पलीकडून हुकूमच सुटला, "सोमवारपर्यंत पुन्हा करा. वेगवेगळ्या घरांत."

केलं. माझ्या दाराला कडी, खिडकीवर वर्तमानपत्र... तेही हिने चिकटवलं, माझ्याच घरच्या खळीने! शंभरेक वाक्यं जुळली नाहीत. साहेबीणबाई खूष! म्हणे, जिथे दोन माणसांचं एकमत होत नाही तिथेच तर मशीन अडतं, तेच हवं होतं. पोरीची नोकरी पक्की झाली. आणि तिच्या जोडीला माझीही. मला विचारलं का कोणी?

आता रोज दोनशे वाक्यं. दोनशे परक्या घरांतल्या भानगडी! कोणी निघून जाईल कदाचित, कोणी आधीच सांगायला हवं होतं... काय सांगायला हवं होतं? कोणाला? एकीचाही शेवट कळत नाही. खिडकीवर कागद, विचारायची सोय नाही. मला काय करायचंय म्हणा... पण तो माणूस अजून घरीच आहे हो, आणि कोणी काही सांगायला तयार नाही!