गोणी माळ्यावर जाईपर्यंत

(लालबागच्या चाळीतली एक खोली. १९५७ सालच्या जानेवारीतला रविवार, सकाळ. दाराशी गावाहून आलेली तांदळाची गोणी उभी आहे.)

कुशाबा : ते आधी काढ.

लवू : काय काढू?

कुशाबा : कमरेला लावलं आहेस ते. मग गोणीला हात लाव.

लवू : वस्ताद, पट्टा आहे तो. वजन उचलताना बांधायचा.

कुशाबा : मला डोळे आहेत. पट्टा घोड्याला असतो. मिलमध्ये साच्याला, कापडाच्या मागाला असतो. माणसाला देवानं पाठीचा कणा दिला आहे.

जाईबाई : झालं, उंबऱ्यातच सुरू. लवू, आत ये रे, बस. चहा ठेवलाय. गोणी कुठं पळून जात नाय. बोटीनं आलीय, बोट लागलीय बिचारीला, घटकाभर टेकू दे.

लवू : काकी, उभाच बरा. घट्ट आवळलाय, बसलो की पोटात रुततो.

कुशाबा : ऐक. ह्याला बसता येत नाही, आणि पुढच्या रविवारी हा दोनशे दहा रत्तल डोक्यावर नेणार.

लवू : पौंड.

कुशाबा : काय?

लवू : रत्तल म्हणजे पौंडच. पण स्पर्धेत पौंड म्हणतात.

कुशाबा : तू पौंड म्हण. ओझं हलकं होत असेल तर म्हण.

जाईबाई : तुमचं राहू दे. लवू, पाठ अजून दुखते काय रे?

लवू : दुखत नाय. पण भीती बसलीय. वजनाचा बार जमिनीवरून सुटला की वाटतं, आता सटकणार. दिवाळीच्या आधी भरली ना, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेचे तख्तपोस उचलताना. चौघांचं काम, आम्ही दोघं.

कुशाबा : दोघं कसले. दुसरा भिवा. तो घोषणा देत होता, उचलत तू होतास.

लवू : मुंबई मिळायला पायजे वस्ताद.

कुशाबा : मिळेल. पण अशी? मुंबई मागायला निघालेत आणि कमरेला टेकू.

जाईबाई : पंधरा दिवस पोर चटईवर पडून होतं. आमच्या शांताच्या हातून पेज पाठवत होते मी.

लवू : खात्याच्या जॉबरनं त्या वेळी सांभाळून घेतलं, काकी. आता म्हणतो, पुन्हा पाठ धरली तर साचे दुसऱ्याला देईन, तू रोज सकाळी दारावर बदलीवाल्यांत उभा राहा. आईला नाय सांगितलेलं हे.

जाईबाई : मग सोड की ह्या वर्षी ती स्पर्धा.

लवू : गेल्या साली तयार होतो, तर गोळीबार, कर्फ्यू. स्पर्धाच झाली नाय. आता चान्स आलाय. आणि पुढं कोणी सांगावं.

कुशाबा : जायचं तर जा. नाव राख. पण सात वर्षं व्यायामशाळेत ह्या हातांखाली वाढलास, तर एक ऐकून ठेव. तो पट्टा बांधून तू लोकांसमोर ओट्यावर चढलास, तर मी बाजूला उभा राहणार नाही.

लवू : वस्ताद.

कुशाबा : दुसरा कोणी बघ टॉवेल धरायला.

लवू : टॉवेल कोणीपण धरील. तुम्ही नसलात तर मी बार कोणाकडं बघून उचलू?

जाईबाई : ऐका, पोर काय म्हणतंय. आणि हे बसलेत मिशीला पीळ देत.

कुशाबा : मिशी माझी आहे.

लवू : खरं सांगू का? तसंही पट्टा बांधून काय उपयोग झालाय असं नाय. परवा एकशे नव्वद गेलं नाय. मागच्या महिन्यात बिनपट्ट्याचं गेलं होतं.

कुशाबा : बघ. आता तूच बोललास.

लवू : दम कोंडतो. सकाळी उठल्यापासून बांधून ठेवतो, सवय व्हावी म्हणून. मिलमध्येपण सदऱ्याखाली. तरी बार घेतला की पोट आत, पट्टा घट्ट, आणि कमरेत काय जोरच नाय. बांधलं तर उचलत नाय, सोडलं तर भीती. आता काय करू ते सांगा.

जाईबाई : इकडे ये बघू. चामडं बाकी चांगलं आहे हो. कुठून आणलंस?

लवू : साच्याच्या पट्ट्याचं. भंगारात काढलेलं. जॉबरला विचारून घेतलं, काकी, उगाच नाय.

जाईबाई : आणि टाके? किती बारीक घातलेत. मोच्याचे नाय हे.

लवू : नाय. एकानं शिवून दिला.

जाईबाई : एकानं म्हणजे?

लवू : वस्तादांना सांगू नको म्हणालाय.

कुशाबा : कोण म्हणालाय?

लवू : जाऊ दे ना.

कुशाबा : लवू, कोण?

लवू : दत्ताराम.

जाईबाई : आपला दत्ताराम? चिंचपोकळीचा?

लवू : हो. पट्टे-खात्यात असतो आता. फाटलेले पट्टे शिवतो. बसून काम. उभ्याचं काम त्याला जमत नाय. मी भंगारातलं चामडं घेऊन गेलो तर म्हणाला, ठेव इथं. जेवणाच्या सुट्टीत शिवला, चार दिवस. पैसे द्यायला गेलो तर रागावला.

जाईबाई : काय म्हणाला?

लवू : म्हणाला, तुझी पाठ शाबूत ठेव, तेवढंच दे.

जाईबाई : ऐकलंत? चहाकडं काय बघता?

कुशाबा : चहा उतू जाईल तुझा.

जाईबाई : चहा कधीचा उतरवलाय. लवू, दत्तारामचं तुला ठाऊक आहे ना?

लवू : बार घेताना पाठ गेली, एवढंच ठाऊक. मी तेव्हा नवीन. त्या दिवशी आलो नव्हतो.

जाईबाई : ह्यांना विचार.

कुशाबा : जुन्या गजाली कशाला.

जाईबाई : तुम्ही सांगता की मी सांगू?

कुशाबा : सांगतो. कमरेला उपरणं आवळून आला होता एक दिवस. म्हणाला, वस्ताद, कळ येते, आज बांधून घेतो. तीस-चाळीस पोरं होती. मी म्हटलं, बाळंतीण आहेस काय रे पोट बांधायला. सगळी हसली. त्यानं उपरणं सोडलं, घडी घालून खुंटीला लावलं आणि बार घेतला.

लवू : मग?

कुशाबा : मग काय. बार खाली आला. तोही. उपरणं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. कुणी न्यायला आलं नाही ते.

जाईबाई : बाळंतीण म्हणालात. तोंडातून निघालं तरी कसं तुमच्या?

कुशाबा : निघालं.

जाईबाई : लवू, स्टुलावर चढ. माळ्यावर घंगाळाच्या मागं एक गाठोडं आहे, ते काढ.

कुशाबा : लवू, खाली उतर.

जाईबाई : चढ रे तू.

कुशाबा : तुला सांगतो, आज नको.

जाईबाई : मग कधी? अकरा वर्षं माळ्यावर पडून आहे ते. मिळालं काय रे? वास नाय त्याला, कडुनिंबाचा पाला घालते मी दर वर्षी. सोड गाठ.

लवू : पट्टी आहे. हिरव्या लुगड्याची. काठ लाल.

जाईबाई : शांताच्या बाळंतपणातली माझी. राधाबाई सुईणीनं पोट बांधलं होतं ह्या पट्टीनं. मऊ आहे बघ. पण सव्वा महिना झाला त्या दिवशी तिनं स्वतः येऊन सोडली. म्हणाली, आता बांधलीस तर कंबर आळशी होईल. मी धुऊन ठेवून दिली. पुढं ती कोणाला लागली असेल, सांग.

लवू : शांताच्या बहिणीला?

जाईबाई : शांताच्या बापाला.

लवू : वस्तादांना?

जाईबाई : मिलमध्ये सूत गुंडाळलेला जड बीम उचलताना कंबर गेली होती. रात्रभर मी तेल चोळत होते. सकाळी म्हणतात, खाडा केला तर जागा जाईल. मग मीच बांधली. तीन महिने रोज पहाटे मी आवळायची आणि हे सदरा घालून निघायचे. संध्याकाळी व्यायामशाळेत छाती काढून उभे.

लवू : कोणाला कळलं नाय?

कुशाबा : एकदा टोक बाहेर आलं होतं. कुणीतरी विचारलं, हे हिरवं काय. म्हटलं, गावच्या देवीचा अंगारा बांधला आहे.

जाईबाई : एवढा मोठा अंगारा.

लवू : वस्ताद, हसू का?

कुशाबा : हस. तुला आता अडवू कशाला.

जाईबाई : आणि तीन महिने झाले तरी हे सोडायला तयार नाय. म्हणे, आधार वाटतो. राधाबाईचं बोलणं मला आठवलं. एके दिवशी पट्टी लपवून ठेवली. दोन दिवस माझ्याशी बोलले नाय. मग चालायला लागले आपले सरळ.

लवू : म्हणजे तुम्ही बीम उचलायचे ते बांधून?

कुशाबा : उचलायचो. न उचलून सांगतो कोणाला?

लवू : आणि दम नाय कोंडायचा? मला तर वाटतं फास लागलाय.

कुशाबा : तू पोट आत ओढत असशील.

लवू : तुम्हीच शिकवलंत. सात वर्षं रोज, पोट आत, छाती बाहेर.

कुशाबा : शिकवलं. लंगोट कसायची माझी सवय, कुस्तीच्या मातीतला माणूस मी. बार व्यायामशाळेत नंतर आला, तरी मी मातीतलंच सांगत राहिलो. लंगोटाला पोट आत चालतं. पट्ट्याला नाही चालत.

लवू : मग?

कुशाबा : इकडे ये. कितव्या भोकात घातला आहेस?

लवू : पाचव्या.

कुशाबा : चौथ्यात घे. बोट जाऊ दे मध्ये. अजून खाली सरकव, बरगड्यांना कशाला बांधतोस, त्या काय पळून चालल्या आहेत? हां. आता श्वास घे. छातीत नको. खाली, पोटात.

लवू : घेतला.

कुशाबा : आता ढकल. पोटानं पट्टा ढकल, चहूकडून. फुटला पाहिजे असा ढकल. पट्टा तुला धरत नाही, लवू. तू त्याला धरायचं. लागली काय पाठ मागून?

लवू : लागली.

कुशाबा : कशी?

लवू : भिंतीला टेकून उभा राहिल्यासारखी.

कुशाबा : तेच. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. बीमखाली कळलं.

जाईबाई : राधाबाई मला हेच सांगायची. खोकला आला तर पोट पट्टीवर दाब म्हणायची. तुम्ही विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

कुशाबा : बायकोला विचारायचं, एवढं धाडस तेव्हा होतं कुठं माझ्याजवळ?

लवू : उचलू?

कुशाबा : थांब, स्टूल बाजूला घेऊ दे. दीडशे रत्तल तरी भरेल. पाय गोणीच्या जवळ. अजून. आता श्वास. ढकललास? उचल. घाई नको. खांद्यावर घे. उभा राहा. श्वास सोडून दुसरा घे. पोट. पोट विसरू नको. आता वर.

जाईबाई : सांभाळ रे मेल्या, घंगाळ आहे तिथं.

कुशाबा : तू बोलू नको मध्ये. वर, वर. टेकव. सरकव आत. सोड.

लवू : गेली.

कुशाबा : पाठ?

लवू : कुठं काय. भीतीच आली नाय मध्ये. आठवलीच नाय.

कुशाबा : आता पट्टा सोड.

लवू : आत्ताच?

कुशाबा : गोणी वर गेली ना? चहा काय पट्टा बांधून पितात? हलक्या वजनाला नाही, मिलमध्ये नाही, घरी नाही. शेवटची दोन-तीन जड वजनं, तेवढ्यापुरता. नाही तर राधाबाई म्हणाली तसं होईल.

लवू : आणि रविवारी?

कुशाबा : रविवारी काय?

लवू : ओट्यावर. लोकांसमोर.

जाईबाई : त्याला विचारायचंय की तुम्ही उभे राहणार काय.

कुशाबा : कळतं मला. उभा राहीन. भोक कितवं ते मी बघितल्याशिवाय बारला हात लावायचा नाही. चौथं. तू घाबरलास की पाचव्यात घालशील.

लवू : नाय घालणार.

कुशाबा : घालशील. मी घातलं असतं.

जाईबाई : घे रे, चहा घे. आता बस आरामात. तुम्ही कुठं निघालात? टोपी कशाला घेतलीत?

कुशाबा : जाऊन येतो.

जाईबाई : कुठं?

कुशाबा : जवळच.

जाईबाई : सभा तर संध्याकाळी आहे.

कुशाबा : सभेला नाही. चिंचपोकळीला. आज रविवार, तो घरी असेल ना रे, लवू?

लवू : दत्ताराम? असेल. मी येऊ बरोबर?

कुशाबा : नको. तीस-चाळीस पोरांसमोर बोललो होतो. माफी मागायची तीही चौघांत मागायला हवी. पण आधी एकट्यानं जातो. तो म्हणाला तर रविवारी स्पर्धेला घेऊन येईन, सगळ्या पोरांदेखत बोलेन. पट्ट्याच्या मापाचंही विचारायचं आहे. व्यायामशाळेत अजून सहाजण जड उचलतात.

लवू : त्याला बरं वाटेल, वस्ताद.

कुशाबा : वाटेल की नाही कुणास ठाऊक. दार लावून घेतलं तरी त्याचं चुकलं असं नाही.

जाईबाई : दार नाय लावणार. चार दिवस टाके घातलेत त्यानं. पण असे रिकाम्या हातानं जाणार काय? घरात दोन पोरं आहेत त्याच्या. नवे तांदूळ आलेत आपल्या गावचे. पिशवीभर घेऊन जा.

लवू : काकी, गोणी वर गेली.

जाईबाई : मग खाली काढा.

लवू : वरच उसवून घेतो की पिशवीभर.

जाईबाई : अंधारात उसवाल आणि अर्धे तांदूळ घंगाळात जातील. खाली काढा, उसवते मी नीट. मग परत वर ठेवा.

लवू : वस्ताद?

कुशाबा : माझ्याकडे काय बघतोस. चहा संपव आणि बांध पट्टा.