व्याह्यांकडची गव्हाची खीर

चहा घेता घेता सांगतो, पण हसू नका. परवा शिरूर अनंतपाळला व्याह्यांकडे जेवायला गेलो होतो. विहीणबाईंनी आरंभीच गव्हाची खीर वाढली. आमच्या औशाच्या घरी खीर शेवटी, आणि तीही तांदळाची. म्हणून मी वाटी बाजूला सरकवली आणि खिरीचा योग्य क्रम कोणता, यावर सविस्तर बोलू लागलो. ताटं वाढलेली, तरी सगळे ऐकत बसले होते. अखेर व्याही हळूच म्हणाले, "अण्णा, एक चमचा तेवढा घ्या. आमच्यात पाव्हण्यानं खीर खाल्ल्याबिगर कुणी ताटाला हात लावत न्हाई. शुगरची गोळी घेऊन लई वेळ झालाय, हात थरथरायलेत." त्यांच्या कपाळावरचा घाम मी एवढा वेळ माझ्या विवेचनाचा प्रभाव समजत होतो.