सिद्रामप्पांचं मॅचिंग

…आता तुम्हीच सांगा, मिक्सर लावायचा तर शेजारच्या सिद्रामप्पांना विचारून लावायचा का? तुम्हाला सांगते, देगलूरच्या आमच्या गल्लीत महिनाभर हेच चालून राहिलं. माणूस तहसीलीतून रिटायर झाला अन् रेडिओच्या नादी लागला. साधा रेडिओ न्हाई, शॉर्टवेव्ह! पार परदेशातलं हिंदी स्टेशन. तिथं त्यांनी फर्माईश धाडलेली, बायकोच्या साठीला नागम्माकाकूंच्या नावानं गाणं लावा म्हणून. समद्या गल्लीला ठाऊक, फक्त काकूंना पत्ता न्हाई. गाणं इतवारी संध्याकाळी, अन् रेडिओत नुसती खरखर…

गच्चीपासून दारच्या लिंबापर्यंत एरियलची तार बांधली. खरखर अजून वाढली. म्हणे, "तारेचं अन् रेडिओचं जमत न्हाई. दोष मॅचिंगचा हाय." काकू म्हणल्या, मग ब्लाउजपीसवाल्या मॅचिंग सेंटरात जा की. सिद्रामप्पा गेले थेट नांदेडला! दोन्हीचं जमवायला काळी रिंग आणली, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळत बसले, लिंबाकडून नऊ वेढे, रेडिओकडून तीन. काकू जेवायला हाक मारायच्या, की मोजणी चुकायची, की पुन्हा पहिल्यापासून… दोष मॅचिंगचा! मग अर्थिंग. अंगणात सळई ठोकली, तिला रोज बादलीभर पाणी. जास्वंद वाळून गेली, सळई मात्र ताजीतवानी. तरी खरखर हायच. म्हणलं, काका, अजून मॅचिंगच का? तर म्हणे न्हाई, मॅचिंग झालं, आता गल्लीची वीज आडवी येते.

इतवारी दारोदार फिरले. बल्ब बंद करा, चार्जर काढा, इन्व्हर्टर सुद्धा. जन्मात कुणापुढं न वाकलेला माणूस, त्यानं हात जोडले, मग काय करता? पाडले समद्यांनी मेन स्विच. पंखे बंद, सिरियल बंद, रेडिओ तेवढा सेलवर, आम्ही घाम पुसत त्यांच्या ओट्यावर. काकूंना मधोमध खुर्चीत बसवलं. अन् काय सांगू… असा साफ आवाज आला, जशी काही रेडिओवरची बाई आतल्या खोलीतून बोलून राहिली! सिद्रामप्पांचे डोळे भरले. बाई म्हणती, "देगलूर से सिद्रामप्पाजी की फर्माइश, उनकी प्यारी नगमा के नाम."

गाणं लागलं, पण ऐकतंय कोण? काकू उठून आत. काका मागं मागं, माहूरच्या रेणुकेची शपथ घेत, की अगं, त्या बाईनं नागम्माचं नगमा केलं… काकूंनी ताट वाढलं अन् एवढंच म्हणल्या, "जेवा. मीठ कमी वाटलं तर नगमाला मागा."

मीठ कमीच होतं म्हणे. काकांनी ताट तसंच संपवलं.