पहिलीच्या वर्गातली मोजणी

आमच्या वन्संना तुम्ही नुसत्या कडक म्हणता ना, मग हे ऐका. परवा त्यांचा डबा द्यायला मी लालबागच्या शाळेत, त्यांच्या पहिलीच्या वर्गात गेले, तोच रस्त्यावर मोर्चा आला. "माझे बाबा!" म्हणत पोरं दाराकडे धावली. बाहेर तर दगड पडत होते.

"बसा," वन्सं म्हणाल्या. "एक घोषणा ऐकली की एक चिंचोका मांडायचा. वीस झाल्याशिवाय उठायचं नाही."

पोरं मुकाट मोजू लागली. मोर्चा पुढे गेला, तशी एक चिमुरडी उठली. "बाई, एकोणीसच झाले. धावत जाऊन एक ऐकून येते!"

घोषणा दिली तर नोकरी जाईल, असं बजावणारे हेडमास्तर पलीकडच्याच खोलीत होते. वन्संनी दार लावलं आणि खणखणीत आवाज दिला, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! हं, मांड आता."